न जाणवणारा गुण

औषधाची परीक्षा गुणावरून करावी, हा आपल्या घराघरांतील जुना न्याय आहे. कपाळ दुखत असता सुंठ उगाळून लावावी आणि घटकाभरात ठणका ओसरावा. ताप चढला असता काढा घ्यावा आणि पहाटे घाम फुटून अंग हलके व्हावे. गुण आला तर औषध खरे, न आला तर वैद्य बदलावा. बहुतेक दुखण्यांस हा न्याय लागू पडतो. स्टॅटिन नावाच्या गोळीपुढे मात्र तो लंगडा ठरतो.

आमच्या वडील बंधूंस दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला. तेव्हापासून ही गोळी रोज घेण्याची त्यांस आज्ञा आहे. परवा ते आम्हांस म्हणाले, "कोलेस्टेरॉल आता उत्तम आले आहे. छातीत दुखत नाही, जिने चढतो. मग हे विष आणखी किती दिवस पोटात घालू?"

तो आकडा उत्तम आला आहे तो गोळीमुळेच, हे प्रथम सांगणे प्राप्त होते. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया ही गोळी मंदावते; मग यकृत आपली गरज भागविण्यासाठी ते रक्तातून ओढून घेते. गोळी थांबली की थोड्याच आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो.

'विष' या शब्दावर आम्ही त्यांस जपानची हकीकत ऐकविली. अकिरा एंडो या शास्त्रज्ञाने १९७१ पासून दोन वर्षे सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव पारखले, आणि क्योतोच्या एका धान्यदुकानातील तांदळावरच्या बुरशीत त्याला हे द्रव्य सापडले. उंदरांवर त्याचा काही परिणाम होईना. कोंबड्यांवर झाला, म्हणून ते वाचले! आपल्याकडे असा तांदूळ मुकाट्याने उकिरड्यावर गेला असता. बुरशीचे नाव निघताच दादांची मुद्रा जरा निवळली. परंतु आजच्या पुष्कळ गोळ्या कारखान्यातच घडविलेल्या असतात, हे सांगताच ती पुन्हा आखडली.

दादांचे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले; तेव्हा अखेर आकड्यांसच शरण जावे लागले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. हृदयविकार जडलेले ४,४४४ रोगी. निम्म्यांस सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांस तशीच दिसणारी पोकळ गोळी. सुमारे साडेपाच वर्षांनी पाहतात तो पोकळ गोळीच्या बाजूस २५६ मृत्यू, औषधाच्या बाजूस १८२. चौऱ्याहत्तरांचा फरक.

"हे चौऱ्याहत्तर कोण?" दादांनी विचारले.

प्रश्न हिशेबनिसाचा होता, आणि आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे. ते कोण, हे कोणासही ठाऊक नाही. त्यांचे त्यांसही नाही. एखाद्या मंगळवारी येणारा झटका आला नाही. गृहस्थ चहा पिऊन बाजारात गेला, एवढेच घडले. न घडलेल्या गोष्टीबद्दल कृतज्ञ कसे व्हावे, हे आपणांस कोणी शिकविलेले नाही. ज्याचे कोलेस्टेरॉल किंचित वाढलेले आहे पण ज्यास दुसरी काही व्याधी नाही, त्याने गोळी घ्यावी की न घ्यावी, याविषयी वाद होऊ शकेल. ज्याच्या धमन्यांनी एकदा दगा दिला आहे त्याच्या बाबतीत तसा वाद आम्हांस दिसत नाही.

दादांची खरी तक्रार नंतर बाहेर आली: पोटऱ्या दुखतात. ती आम्ही उडवून लावली नाही. या गोळीने क्वचित स्नायूंस खरीच इजा होते. पण २०२० साली इंग्लंडात, त्रासापायी गोळी सोडलेल्या साठ जणांस आलटून पालटून खरी गोळी, पोकळ गोळी आणि काहीच नाही, असे महिने देऊन पाहिले. तेव्हा खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासाच्या शेकडा नव्वद इतका त्रास पोकळ गोळीनेही झाला. दादांच्या पोटऱ्या कोणत्या वर्गात मोडतात हे आम्ही कोण सांगणार? प्रमाण कमी करणे, गोळी बदलणे, एझेटिमाइबची जोड देणे असे उपाय डॉक्टरांच्या हाती आहेत. येत्या सोमवारी दादांबरोबर आम्हीही त्यांजकडे जाणार आहो. तोवर गोळी चालू ठेवण्याचे दादांनी कबूल केले आहे. मात्र ती डबी आपल्यासमोर नको म्हणून वहिनींच्या स्वाधीन केली आहे.