पेंढी आणि मण

आमच्या सोलापूरकडे वैरण मोजतात, जयपुरात जोखतात. हा फरक उमगायला मला एक ट्रॉली भुसा नासवावा लागला.

माहेरी मालदांडीचा कडबा शेकड्याने यायचा. पेंढ्या बारीक बांधलेल्या दिसल्या की वडील शंभराला पाच वरच्या मागून घेत. भांडण तिथेच मिटे. इथे चौमूजवळच्या गोठ्यात आमच्या दोन गाई, एक म्हैस आणि अकरा सिरोही शेळ्या. बाजरीचं सरमाड मिळतं, त्याला इथे कडबी म्हणतात. पण वर्षाची भिस्त गव्हाच्या भुशावर, म्हणजे तूडीवर. ती मणाने घ्यायची, 40 किलोचा मण. आणि वजनात पाणी लपतं, मातीही लपते.

पहिल्या वर्षी ट्रॉली मध्यरात्री आली. दिवसा लू भुसा उडवून नेते, म्हणून ही वाहतूक रात्रीचीच. गोणपाट शिवून दोन्ही बाजूंनी फुगवलेली, रस्ता अडवत येणारी ट्रॉली. एवढ्या हलक्या मालाला जागा मात्र केवढी लागते! काट्याची पावती चोख होती. मी वरवर हात फिरवला, कोरडा खडखडीत लागला. माणसं लावून खोलीत तुडवून तुडवून भरून घेतला. नवव्या दिवशी दार उघडलं तर आंबूस, उबट वास. लोखंडी सळई आत खुपसली; काढल्यावर हातात धरवेना. ओला भुसा दाबला की आतल्या आत तापतो, कधी पेटतोही. भर वैशाखात सगळा बाहेर ओढला. निम्मा थेट उकिरड्यावर.

शेळ्यांचं काही बिघडलं नाही. त्या तशाही तूडीला नाक मुरडतात. त्यांना हवी लूंग, म्हणजे खेजडीचा वाळलेला पाला. खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी.

आपल्याकडे त्रिकाळ म्हटलं की संध्या आठवते. इथे अन्नकाळ, जलकाळ, तृणकाळ हे तीन दुष्काळ एकदम पडले की त्रिकाळ. विक्रम संवत 1956 चा, म्हणजे 1899 चा ‘छपनिया’ अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. आमच्या घरी तशी 1972 ची गोष्ट निघायची. चाऱ्याला स्वतःचा दुष्काळ असतो, हे मात्र मी इथेच ऐकलं.

आता खरेदी मळणी उरकताच, भाव चढायच्या आत. काट्यावर जाण्याआधी ट्रॉलीत तीन ठिकाणी कोपरापर्यंत हात घालते. मूठ आवळून सोडते. चांगली तूडी लगेच उसळते, ओली गोळा धरून बसते. मग एक मूठ पाण्याच्या बादलीत टाकून ढवळते. भुसा तरंगतो, माती तळाला जाते.

परवा विकणारा हसला, “बाईसा, तूडी ले रही हो या नाड़ी देख रही हो?”

मी हात आणखी आत घातला.