दीड इंचाचा उंबरा

आमच्या मागच्या खोलीला सागवानी उंबरा होता. लादीपासून जेमतेम दीड इंच वर. इतकी वर्षं सगळेच तो ओलांडत आलो. पण गेल्या पावसाळ्यात रात्री उठलेल्या सासूबाईंचा पाय त्यात अडकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं आणि आठवड्याच्या आत त्या पुन्हा तिथेच अडखळल्या. या खेपेला मी शेजारी होते म्हणून निभावलं. त्याच दिवशी ठरवलं, हा उंबरा काढायचा.

सुतार म्हणाला, "वहिनी, उंबरा चौकटीत बसवलेला आहे. अख्खी चौकट काढावी लागेल, भिंतही फुटेल." हातकरवत चालवायला जागा नव्हती. ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं लावतो, असं हे म्हणाले. मी साफ नाही म्हटलं. गरगरणारं पातं खिळ्याला अडून उसळलं, तर घरात दुसरं प्लास्टर यायचं!

भाच्याने मग ऑसिलेटिंग मल्टिटूलचं नाव सुचवलं. याचं पातं गोल फिरत नाही. उजवीकडे-डावीकडे फक्त तीन-चार अंशांत हलतं, पण मिनिटाला वीस हजार वेळांपर्यंत. त्यामुळे ते ग्राइंडरसारखं उसळी घेत नाही आणि अगदी कोपऱ्यापर्यंत कापता येतं.

दुकानदाराने आधी चाळीस नगांची पेटी पुढे केली. आम्हांला कापायचा होता एक उंबरा! मी विचारलं, "याची सुटी पाती मिळतात का?" साडी घेताना नसेल इतकी चौकशी मी त्या पात्यांची केली, कारण यंत्र एकदाच घ्यायचं असतं, पाती मात्र पुन्हा पुन्हा लागतात. त्यातही ती बसवायची खाच निरनिराळी असते. बॉश आणि फाइन या कंपन्यांनी २०१६ साली स्टारलॉक नावाची पद्धत आणली, पण तिच्यातही साधी, प्लस आणि मॅक्स असे तीन प्रकार आहेत. मोठ्या प्रकाराचं पातं साध्या यंत्राला बसत नाही. तेव्हा आपल्या खाचेची पाती गावात मिळतील ना, हे आधी पाहावं.

बॅटरीचं यंत्र मोहात पाडत होतं. पण आमच्याकडे ते वर्षातून चार वेळा निघणार. बॅटरी नुसती पडून खराब व्हायची. म्हणून वायरचं घेतलं, वेग कमी-जास्त करता येणारं. पातं बदलायला पान्याऐवजी खटका असलेलं थोडं महाग होतं, तरी तेच निवडलं. पान्याच्या किल्ल्या आमच्या घरात टिकत नाहीत.

रविवारी काम काढलं. डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे. ह्यांनी जोर लावून यंत्र दाबलं. धूर निघाला आणि नवंकोरं पातं काळं पडलं. वर एका जुन्या खिळ्याने त्याचे दातही घालवले. मग खिळ्यांसकट लाकूड कापणारं बायमेटल पातं लावलं आणि न दाबता हलकेच पुढे-मागे सरकवत नेलं. पातं फार खोल जात नाही. थोडं कापायचं, पटाशीने ढलपा उडवायचा, पुन्हा कापायचं. दोन्ही टोकं चौकटीलगत सुटायला दुपार झाली.

आवाज ऐकून सासूबाई दाराशी आल्या. "अगं, हे तर माझं प्लास्टर कापलं तेच मशीन!" दवाखान्यातल्या माणसाने त्यांची भीती घालवायला ते चालू पातं स्वतःच्या तळव्याला टेकवून दाखवलं होतं. त्यांचा कान खरा ठरला. अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर होमर स्ट्रायकर यांनी १९४०च्या दशकात प्लास्टर कापायची अशी करवत तयार केली, तिची चालही हीच. टणक प्लास्टर कापलं जातं, मऊ कातडी पात्याबरोबर हलते. मल्टिटूलला मात्र तळवा लावायला जाऊ नये. लाकडाच्या पात्याचे दात चांगलेच चावतात.

उंबऱ्याखालच्या चरीत गवंड्याने कडप्प्याची पट्टी लादीच्या पातळीत बसवून दिली. चौकट आणि भिंत दोन्ही शाबूत आहेत.

सासूबाई अजूनही तिथे आल्या की पाय उचलतात. मग खाली बघतात आणि पुढे जातात.