तेवीस चुका

बारामती हें अक्षर अन् अक्षर तोलून लिहिणाऱ्या कवीचें गांव. मोरोपंत (१७२९–१७९४) कऱ्हेच्या कांठीं येथेंच राहिले, आणि त्यांनीं रचलेल्या अनेक रामायणांपैकीं एकांत प, फ, ब, भ, म हीं ओठांनीं उच्चारावयाचीं अक्षरें सबंध वगळलीं. तें ‘निरोष्ठ रामायण’ प्रसिद्धच आहे. अशा गांवीं तीस वर्षें इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या आमच्यासारख्या मास्तरास सायंकाळीं फिरावयास गेलें असतां दुकानांच्या पाट्या तपासण्याची खोड जडावी, यांत नवल तें काय?

या शिकारींत आम्ही रिकाम्या हातानें क्वचितच परत येत असूं. ‘ट्यूशन’मधील टी-यू नंतरचा आय एखाद्या पाटीवरून बेपत्ता असे. ‘स्टेशनरी’च्या शेवटच्या आर पूर्वीं ई च्या जागीं ए घातला कीं कागद-पेन्सिली विकणारा गृहस्थ ‘एका जागीं स्थिर असलेल्या’ वस्तूंचा व्यापारी ठरतो. ‘रिसीव्ह’मध्यें ई आणि आय यांची अदलाबदल, ‘सेपरेट’च्या पोटांत ए च्या जागीं ई, हे तर नित्याचे. घरीं येऊन चहाबरोबर आम्ही हीं रत्नें सादर करीत असूं, आणि मंडळी पोट धरून हंसत.

वास्तविक या चुकांचें पाप लिहिणारापेक्षां इंग्रजीच्या इतिहासाच्या माथीं अधिक आहे. विल्यम कॅक्स्टन यानें १४७६ सालीं इंग्लंडांत छापखाना घातला आणि हळूहळू शब्दांचीं रूपें खिळ्यांत गोठूं लागलीं. उच्चार मात्र वाहत्या पाण्याप्रमाणें पुढें गेले. शूर सरदार या अर्थाच्या ‘नाइट’ शब्दाच्या आरंभींचा के एके काळीं खरोखरच उच्चारला जाई. ‘डेट’ म्हणजे कर्ज. त्यांतील बी तर इंग्रजांच्या तोंडीं कधींच नव्हता, लॅटिन मूळ दिसावें म्हणून विद्वानांनीं तो मागाहून बसविला. पुढें वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशानें ‘कलर’मधील यू काढून टाकला, आणि लंडनला जें शुद्ध तें न्यूयॉर्कला अशुद्ध ठरलें. जसें बोलावें बहुतेक तसेंच लिहावें, या देवनागरीच्या संस्कारांत वाढलेल्या मुलानें येथें अडखळावें, हें स्वाभाविक आहे.

आणि आमची स्वतःची शुद्धता तरी कोणत्या सालची? १९६२ च्या लेखननियमांनीं मराठींतील अनुच्चारित अनुस्वार रजा देऊन घालविले. आम्ही त्यापूर्वीं शाळेंत शिकलों. हाताला पडलेलें वळण अद्याप सुटलें नाहीं, हें वाचकांस दिसतच आहे. आज सातवींत असलेल्या मुलानें हा लेख तपासावयास घेतला, तर तो आम्हांस खात्रीनें नापास करील.

परंतु चुकांची दुसरी एक जात आहे. ती पाटीवर दिसत नाहीं, कारण तेथें प्रत्येक अक्षर जागच्या जागीं असतें. चुकतो तो अर्थ. ‘शुक्रवारपर्यंत’ हा आपला एकच शब्द. पण काम शुक्रवारपर्यंत चालूं राहणार असेल तर इंग्रजीला ‘टिल’ लागतो, आणि शुक्रवार उलटण्यापूर्वीं पुरें व्हावयाचें असेल तर ‘बाय’. आपण उसने देतों आणि उसनेच घेतों. इंग्रजींत देणाराचें क्रियापद निराळें व घेणाराचें निराळें. ‘आपल्या बिलाविषयीं एक शंका आहे,’ असें आपण विनयानें विचारतों. तिचा ‘डाउट’ केला, कीं परकी व्यापाऱ्यास वाटतें, याचा आपल्यावर विश्वास नाहीं. या जातीची खरी किंमत आम्हांस कळली ती मात्र इंदापुरास.

गेल्या वैशाखांत एका आप्ताच्या घरीं मुंज होती. तुकोबांची पालखी ज्या वाटेनें सणसर, निमगांव केतकी करीत इंदापुरास जाते, त्याच वाटेनें आम्ही एस्टीनें गेलों. स्थानकावर उतरतांच एका मध्यमवयीन गृहस्थानें वांकून नमस्कार केला. “ओळखलंत का सर?” आमचा जुना विद्यार्थी! आतां त्याची डाळिंबाची मोठी बाग आहे, आणि माल दुबईला जातो. आग्रहानें त्यानें आम्हांस बागेवर नेलें.

बोलतां बोलतां त्यानें एक हकीकत सांगितली. तिकडच्या व्यापाऱ्यानें इंग्रजींत विचारलें होतें, “माल अजून पाठविला नाहीं का?” यानें उत्तर लिहिलें, “येस.” त्याच्या मनांत होतें, ‘हो, नाहीं पाठविला.’ इंग्रजींत मात्र त्याचा अर्थ झाला, ‘पाठविला.’ व्यापाऱ्यानें शीतगृहांत जागा घेऊन ठेविली, आणि तीन दिवसांचें भाडें यास भरावें लागलें.

“तीनच अक्षरं, सर, आणि स्पेलिंग अगदीं बरोबर!” तो हंसून म्हणाला. “तुमच्या लाल शाईला तें सांपडलं नसतं.”

लाल शाईचें नांव निघतांच आम्हांस आठवण झाली. आम्हीं विचारलें, “अरे, तूं पुण्याला शिकत असतांना एकदां इंग्रजींत पत्र लिहिलें होतेंस. पुढें कधीं लिहिलें नाहींस तें?”

तो क्षणभर थांबला. “तुम्ही तें तपासून परत पाठवलं होतंत, सर. तेवीस चुका होत्या. आंकडा खालीं लिहिला होता तुम्ही.”

“आणि लिहिलें काय होतेंस?”

“वडील अत्यवस्थ होते. कॉलेज सोडूं कीं काय, तें तुम्हांला विचारायचं होतं.”

मग सारें डोळ्यांपुढें उभें राहिलें. ‘माय फादर इज सिरिअस’ असें वाक्य त्या पत्रांत होतें. आम्हीं त्याखालीं रेघ ओढून समासांत लिहिलें होतें, ‘सिरिअस म्हणजे गंभीर वृत्तीचा, आजारी मनुष्यास सिरिअसली इल म्हणावें.’ दुरुस्ती अचूक होती. वडील कसे आहेत, हें विचारणारी एक ओळही आम्हीं त्या कागदावर लिहिली नव्हती. ते त्याच महिन्यांत वारले, आणि मुलगा कॉलेज सोडून शेतावर परतला.

हें सांगतांना त्याच्या स्वरांत राग नव्हता. निघतांना त्यानें डाळिंबांची पेटी आमच्याबरोबर दिली. घरीं ती फोडली तेव्हां सर्वांनीं दाणे खाल्ले; आमच्या घशाखालीं मात्र ते उतरेनात.

शुद्ध लिहावें, हा आमचा आग्रह आजही सुटलेला नाहीं. एका चुकीच्या ‘येस’चें भाडें ज्यानें भरलें, तोही आपल्या मुलीस तोच आग्रह करीत आहे. परंतु कोणाचें पत्र हातीं आलें, तर प्रथम तें वाचावें, त्यास उत्तर द्यावें, आणि नंतर चुकीकडे वळावें. त्यांतही अर्थ बिघडविणारी चूक आधीं, केवळ डोळ्यांस खुपणारी मागाहून. एवढा साधा क्रम शिकावयास आम्हांस जन्म लागला.

गेल्या महिन्यांत त्याच्या मुलीचें आम्हांस इंग्रजींत पत्र आलें. बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी, असें तिनें विचारलें आहे. ‘रिसीव्ह’मध्यें आय आधीं आला आहे, ई नंतर. आम्हीं दोन पानें उत्तर लिहिलें, वडिलांचें क्षेम विचारलें, आणि अगदीं शेवटीं, काळ्या शाईनें, तो शब्द एकदां नीट लिहून दाखविला. आंकडा कोठेंही घातला नाहीं.