पाणी

आमच्या चिरंजीवांना ऑटिझम आहे. ते तीन वर्षांचे होईपर्यंत थेरपिस्ट घरी यायची. इथे न्यू जर्सीत तिसऱ्या वाढदिवसाला ती सोय बंद होते आणि मूल गावच्या सरकारी शाळेकडे जातं. अशा मुलांना शाळेने फुकट शिकवलंच पाहिजे असा कायदा अमेरिकेत १९७५ साली झाला, आणि १९८६ साली त्यात तीन वर्षांची पोरंही आली. प्रत्येकाचा 'आयईपी' बनतो, म्हणजे त्या एकाच मुलापुरती आखलेली लेखी योजना. आई-बापाच्या सहीशिवाय तो पहिल्यांदा लागू होत नाही.

मीटिंगला मी त्याला काय काय येत नाही याची एक्सेल शीट घेऊन गेलो होतो. (इंजिनिअर ना!) मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, "त्याला येतं काय?" मी गप्प. बायको म्हणाली, "अकरा शब्द येतात. त्यातले तीन मराठी. तहान लागली की तो 'पाणी' म्हणतो. हे लिहून घ्या."

यामागे एक दुखणं होतं. आधी कुणीतरी सल्ला दिला होता, घरात फक्त इंग्रजी बोला, नाहीतर पोरगं गोंधळेल. आम्ही सहा महिने तो पाळला. आजीचा फोन आला की मी तो दुसऱ्या खोलीत नेऊन घ्यायचो. आजही त्याची लाज वाटते.

बाईंनी लिहून घेतलं.

ऑगस्टमध्ये आम्ही रिकाम्या शाळेत चार चकरा मारल्या. फाटक, दार, त्याची दप्तराची खुंटी, संडास, सगळ्याचे फोटो काढले, लॅमिनेट केले आणि फ्रिजवर ओळीने लावले. रोज रात्री त्यांची उजळणी. पिवळ्या बसचाही फोटो होता, पण बाहेरून! आतले पट्टे कुणाच्या डोक्यातच आले नाहीत. टेस्टिंगमध्ये एक केस सुटली. पहिल्या दिवशी पट्टा लावताच त्याने असा आकांत केला की समोरच्या आजीबाई गाऊनवर बाहेर आल्या. बस गेली. बायको पायरीवरच बसून राहिली. मी ऑफिसला गेलो खरा, काम शून्य.

रविवारी जुना पट्टा घेऊन घरातल्या खुर्चीवर सराव सुरू केला. पट्टा क्लिक झाला की एक द्राक्ष.

इथल्या शाळांत दर महिन्याला आगीची कवायत असते. त्या घंटेची आम्हाला सगळ्यात धास्ती. त्या दिवशी दप्तरातल्या वहीत बाईंनी लिहिलं होतं: "कवायत झाली. कानांवर हेडफोन होते. चार मिनिटं रडला. मग 'पाणी' म्हणाला. दिलं."