आठ बाय सोळा

आईनं मॅटीच्या कापडावर क्रॉसस्टिचनं भरलेला पोपट आमच्या घरी अजून आहे. चोचीच्या वळणावर तिनं एक फुली दोनदा उसवली होती. तिथलं कापड विरल्यासारखं दिसतं. बिटमॅप फॉन्टची फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा मला ती चोच आठवली.

एरवी संगणकावरचं अक्षर म्हणजे वळणांचं गणित, हवं तेवढं ताणावं. बिटमॅप अक्षर ताणता येत नाही. समजा, आठ घरं रुंद, सोळा घरं उंच अशी चौकट. त्यातलं कुठलं घर भरायचं, कुठलं सोडायचं हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. अशा फॉन्टची बीडीएफ फाइल साध्या मजकुराचीच, वाचता येते. जुन्या पीसीच्या व्हीजीए पडद्यावरचं कॅपिटल ए, वरखालच्या मोकळ्या ओळी सोडून, त्यात हेक्साडेसिमल आकड्यांत असं उतरतं: १०, ३८, ६सी, सी६, सी६, एफई आणि मग चार वेळा सी६. एकेक जोडी म्हणजे एकेक ओळ. १० म्हणजे एकच ठिपका, तो शेंडा. ३८ म्हणजे तीन. सी६ म्हणजे दोन भरलेली, तीन मोकळी, पुन्हा दोन भरलेली, ते पाय. एफई म्हणजे सलग सात, ती आडवी पट्टी. याला ठिपक्यांची रांगोळी म्हणावंसं वाटतं, पण ते खरं नाही. रांगोळीत ठिपके जोडायचे असतात. इथं जोडणारी रेघच नाही.

दिमितार झेकोव्ह यांचा टर्मिनस हा बिटमॅप फॉन्ट १२ ते ३२ पिक्सेल उंचीच्या नऊ मापांत मिळतो. एक काढून बाकीचे फुगवलेले नाहीत, प्रत्येक मापाला स्वतःचे ठिपके आहेत. दिवसभर काळ्या पडद्यावर ओळी वाचणाऱ्याला हे डोळ्यांनी कळतं. अक्षराच्या कडेला करडी धूसर साय नसते. शून्य आणि ओ, एक आणि एल यांची गल्लत होत नाही.

असे फॉन्ट लिनक्सवर बसवणं मात्र दिवसेंदिवस कठीण होत चाललंय. फाइल घरच्या फॉन्ट्सच्या फोल्डरात टाकायची, एफसी-कॅश चालवायची, एवढ्यावर पूर्वी भागायचं. डेबियन-उबुंटूत बिटमॅप फॉन्ट नाकारणारा एक नियम बरीच वर्षं आयताच लावून येत होता. तो आधी काढावा लागे. २०१९मध्ये पडद्यावर मजकूर मांडणाऱ्या पँगो लायब्ररीच्या १.४४ आवृत्तीनं बीडीएफ आणि त्याचं बायनरी रूप पीसीएफ, दोन्ही सोडूनच दिले, आणि त्यावर चालणाऱ्या टर्मिनलांत रातोरात अक्षरांच्या जागी चौकोन आले. तेच ठिपके ओपनटाइपच्या वेष्टनात घातले की चालतात. कारणं तांत्रिक होती, मान्य. तरी माणसानं घर न घर मोजून केलेलं काम असं दाराबाहेर राहिलेलं पाहून मला वाईट वाटलं.

आणि आपली देवनागरी? डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की पडद्यावर मराठी उमटायची. आज साध्या टर्मिनलात जोडाक्षरं सुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागं राहते. लिनक्सच्या कन्सोलमध्ये तर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात. आपली जोडाक्षरं त्यात कशी बसावीत!

म्हणून गेल्या महिन्यात मी एकच शब्द हाती घेतला, ‘मराठी’. जोडाक्षर नाही, पहिली वेलांटी नाही, रफार नाही. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशा पाच चौकटी. ठ-चं पोट पाच वेळा उसवलं. वेलांटीचं वळण शिरोरेखेच्या वर तीन ओळींत बसेना. शेवटी चौथी ओळ दिली. शिरोरेखेची ओळ मात्र पाचही अक्षरांत सारखी ठेवली, एफएफ, आठही घरं भरलेली. बीडीएफचं पीसीएफ केलं, एक्सटर्म या टर्मिनलमध्ये लावलं, शब्द टाइप केला. पाच वेगवेगळ्या चौकटी शेजारी येऊन बसल्या आणि वरची रेघ कुठंही न तुटता चाळीस ठिपके सरळ गेली.