मोंझाची रेघ

जुन्या शर्यतमार्गांची चित्रे घरच्या भिंतीवर लावण्याची हौस आम्हांलाही आहे. आमच्या अभ्यासिकेतले चित्र मोंझाचे : पांढऱ्या कागदावर एकच काळी वळणदार रेघ, खाली '१९२२'. मिलानजवळच्या राजोद्यानात त्या वर्षी अवघ्या ११० दिवसांत हा मार्ग बांधला गेला. चित्र देखणे आहे, यात वाद नाही.

रेघेच्या शेवटी पाराबोलिका हे दीर्घ वळण. त्याच्या अलीकडे १० सप्टेंबर १९६१ रोजी फॉन ट्रिप्सची फेरारी क्लार्कच्या लोटसला लागून बांधावर चढली. तो आणि कुंपणाशी उभे असलेले दहाहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. १९७० साली त्याच वळणाशी सरावात योखेन रिंट गेला. जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. रेघ तिथे जराही थरथरत नाही. (कादंबरीचे कथानक फळ्यावर आखणाऱ्यांना ही सफाई परिचित असावी.)

मात्र रेघेत इतरत्र दोन-तीन बारीक हिसके आहेत. वेग आवरण्यासाठी १९७२ पासून घातलेली ती आडवळणे. १९२२च्या मार्गात ती नव्हतीच. चित्रकाराने साल जुने लिहिले, रेघ मात्र नंतरची काढली. आम्ही चित्र पाहतो ते आता त्या हिसक्यांसाठी.