एका घराचे चार आकडे

गावाचं नाव पेडगाव सांगितलं की पुण्यात समोरचा माणूस हमखास हसतो. "म्हणजे ते वेड पांघरून...?" हो, नाव तेच, पण गाव ते नाही. म्हणीतलं पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं, बहादूरगडवालं. आमचं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं. आणि आमच्याकडची म्हणही वेगळी आहे: बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमलं तर ठीक, नाहीतर चला परत घरी.

कॉलेजात असताना ही म्हण मी गंमत म्हणून सांगायचो. आयटीत पाच-सहा वर्षं काढल्यावर तिचा अर्थ जरा जास्त कळायला लागतो. लेऑफची कुजबुज सुरू झाली की आमच्या फ्लोअरवरची अर्धी जनता मनातल्या मनात ईएमआयचा हिशोब करते. माझ्या हिशोबातली शेवटची ओळ कायम एकच असते: काहीच नाही जमलं तर पेडगावचं घर आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर ते घर म्हणजे माझा बॅकअप. मग एका शनिवारी प्रश्न पडला, की या बॅकअपचा बॅकअप कुठाय?

प्रश्न पडायला कारणही होतं. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे हादरे परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तसाच एक. आमच्या घराला काही झालं नाही, आई आणि अण्णा फक्त अंगणात येऊन उभे राहिले. पण मराठवाड्यात भूकंप म्हटलं की कोणालाही किल्लारीच आठवते. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, अशी घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा, तरी ती गोष्ट ऐकतच मी मोठा झालो. त्यात सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ या दोन्ही वर्षीच्या पावसाने मराठवाड्याची काय दैना केली ते सगळ्यांनी पाहिलंच.

म्हणून फोनवर अण्णांना म्हटलं, घराचा विमा काढू या. पलीकडून उत्तर आलं, "इमा तं काढलाय की सोयाबीनचा."

हसू नका. गावात विमा या शब्दाचा अर्थच पीक विमा. आणि त्यात एक मोठी सोय असते. हेक्टरी किती रुपयांचं संरक्षण, ते आधीच ठरलेलं असतं. शेतकऱ्याने फक्त क्षेत्र सांगायचं. भरपाईसुद्धा बहुतांशी महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. त्यामुळे "विमा किती रुपयांचा काढू?" हा प्रश्न आमच्या गावात कोणाला कधी पडलाच नाही. घराच्या विम्यात मात्र तो आकडा आपल्यालाच सांगावा लागतो, आणि खरी गंमत तिथे सुरू होते.

पुढच्या सुट्टीत गावी गेलो, टेप आणि वही घेऊन बसलो. "काय मोजायलास रे?" म्हणत अण्णाही शेजारी येऊन बसले. तासाभरात एकाच घराचे चार आकडे निघाले.

पहिला आकडा अण्णांचा: ११ लाख. २०१७ मध्ये जुनं माळवद पाडून आरसीसीचं घर बांधलं, तेव्हा एवढा खर्च आला. त्यांच्याकडे सिमेंटच्या पावत्यांसकट हिशोब आहे.

दुसरा आकडा बाजाराचा: ९ लाख. म्हणजे गावातलं घर विकत घेणारा कोणी भेटलाच तर. गावात कोणी तयार घर विकत घेत नाही, प्रत्येकाला स्वतःचंच बांधायचं असतं.

तिसरा आकडा सरकारचा: १ लाख २० हजार. आपत्ती निधीतून द्यायच्या मदतीचे २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले निकष आहेत. सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर एवढे मिळतात. पक्कं घर थोडंफार, पण किमान १५ टक्के, पडलं तर साडेसहा हजार. ही मदत आहे, भरपाई नाही, त्यामुळे तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण "सरकार देईल की" या वाक्याची किंमत किती, ते माहीत असलेलं बरं.

चौथा आकडा गुत्तेदाराचा. त्याला विचारलं, असंच घर आज बांधायचं तर काय भाव? तो म्हणाला, मालासकट १,८०० रुपये फूट. स्लॅबखालचं क्षेत्र १,००० चौरस फूट. झाले १८ लाख.

आता विमा कितीचा काढायचा? मंडळी, या सगळ्या लेखाचं सार एका ओळीत सांगतो: घर उद्या जमीनदोस्त झालं तर ते परत उभं करायला जेवढे पैसे लागतील, तेवढ्याचा. तेव्हा किती लागले ते विसरा, विकलं तर किती येतील तेही विसरा. अण्णांच्या आकड्यावर विमा काढला असता तर घराला छप्परच आलं नसतं. बाजाराच्या आकड्यावर काढला असता तर निम्म्या भिंती.

हेच गणित पुण्यात बरोबर उलटं होतं. माझ्या ऑफिसमधल्या एका मित्राने वाकडला ६०० फूट कार्पेटचा फ्लॅट ७५ लाखांना घेतला. तो विमासुद्धा ७५ लाखांचाच काढायला निघाला होता. पण त्या ७५ लाखांत जमीन आहे, लोकेशन आहे, बिल्डरचा नफा आहे. भूकंपाने जमीन जात नाही. बांधकामाचा खर्च सगळं धरून कार्पेटच्या फुटाला साडेतीन हजार पकडला तरी २१ लाख होतात. कर्ज ५५ लाखांचं आहे म्हणून विमा ५५ लाखांचा, हेही तितकंच चूक. कर्जाच्या रकमेचा आणि विटा-सिमेंटच्या भावाचा काही संबंध नाही. आणि जास्तीचा विमा काढून जास्त पैसे मिळत नाहीत, नुकसान जेवढं तेवढंच मिळतं. म्हणजे फुकट हप्ता. थोडक्यात, शहरात घराची किंमत बांधकामापेक्षा कितीतरी जास्त आणि गावात बांधकाम किमतीपेक्षा महाग. एकाच राज्यात दोन टोकं.

आता जरा तपशील. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आणली. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप हे सगळं मूळ पॉलिसीतच येतं. इमारतीची रक्कम काढायचं सूत्रही दिलंय: कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये, गुणिले आजचा बांधकामाचा दर.

इथे एक बग आहे बरं का. गुत्तेदाराचा फूट आणि पॉलिसीचा फूट एक नाही! गुत्तेदार बाहेरच्या भिंतींसकट सगळं मोजतो. पॉलिसीच्या कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती येत नाहीत आणि ओसरी, बाल्कनी, गच्ची असल्या जागा फक्त २५ टक्के धरतात. आमच्या १,००० फुटांत आतलं क्षेत्र ७९० फूट, ओसरी १२०, उरलेल्या ९० फुटांत भिंती. म्हणजे पॉलिसीच्या हिशोबाने ७९० अधिक ३०, झाले ८२० फूट, साधारण ७६ चौरस मीटर. आता गुत्तेदाराचा १,८०० चा दर जसाच्या तसा या ८२० ला लावला तर येतात १४ लाख ७६ हजार. म्हणजे सव्वातीन लाख हवेत गेले! म्हणून आधी एकूण खर्च काढायचा, १८ लाख, आणि मग त्याला ७६ ने भागून पॉलिसीसाठीचा दर काढायचा. तो आला चौरस मीटरला साडेतेवीस हजारांच्या वर. वॉल कंपाउंड, हौद आणि बाहेरचं न्हाणीघर वेगळं दाखवावं लागतं, त्याचे २ लाख धरले. एकूण २० लाख.

"कमी सांगितलं तर हप्ता कमी बसंल की," अण्णांनी रास्त शंका काढली. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत याला सरासरीचा नियम लागतो. समजा १८ लाखांच्या घराचा विमा ९ लाखांचाच काढलाय आणि नुकसान झालं ४ लाखांचं. कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याच घराचा विमा काढला होता, तर घ्या २ लाख. गृह रक्षामध्ये हा नियम काढून टाकलाय, तिथे ४ लाख पूर्ण मिळतात. पण घर पूर्णच गेलं तर ९ लाखांच्या वर दमडी नाही, आणि आपल्याला भीती त्याच दिवसाची आहे. छोट्या नुकसानाला अण्णा स्वतः पुरेसे आहेत.

अनेक वर्षांची पॉलिसी एकदम घेतली तर इमारतीची रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, म्हणजे सिमेंटच्या भाववाढीची थोडी सोय होते. मलबा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनियरच्या फीला ५ टक्क्यांपर्यंत वेगळे मिळतात.

आता सामान. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं घरातलं सामान आपोआप धरलेलं असतं. म्हणजे आमचे ४ लाख. फ्रिज, टीव्ही, पलंग, कपाटं, भांडी, आईची शिलाई मशीन असं सगळं लिहिलं तरी ३ लाखांच्या पुढे गेलं नाही. पण दोन गोष्टी त्यात बसत नाहीत. एक, दागिने. त्यांचं मूल्य ठरवून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दुसरी गोष्ट खास आमच्याकडची: भाव येईपर्यंत मधल्या खोलीत थप्पी लावून ठेवलेलं सोयाबीन. पॉलिसी बोलते घरगुती वापराच्या वस्तूंबद्दल, आणि विक्रीसाठी ठेवलेला माल त्या व्याख्येत येत नाही. गोठ्यातल्या जनावरांचंही तेच. त्यांचा विमा वेगळा.

आणखी काय मिळत नाही तेही सांगून टाकतो. आमच्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला माहीत असेल, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर बांधलेल्या भिंतींनाही सोबत नेते. अशा नेहमीच्या भेगांना पॉलिसीत जागा नाही. नुसती चोरीही मूळ पॉलिसीत नाही. पूर-भूकंपासारखी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी धरतात.

या सगळ्यात कामाचा प्रश्न विचारला तो आईने. माझी वही, माझे चौरस मीटर वगैरे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "घर बांधून होईपस्तोर आम्ही राहायचं कुठं?" मी आयुष्यात इतके रिक्वायरमेंट डॉक्युमेंट लिहिले, पण ही रिक्वायरमेंट मला सुचली नव्हती. सुदैवाने पॉलिसी लिहिणाऱ्याला सुचली होती. घर राहण्यालायक उरलं नाही तर दुसऱ्या जागेचं भाडं त्यात येतं. पेडगावात भाड्याने घर मिळणं अवघड, परभणीला जावं लागेल, पण ते पुढचं पुढे.

शेवटी २० लाख इमारत, ४ लाख सामान असा आकडा ठरला. वर्षाचा हप्ता टीव्हीच्या वर्षभराच्या रिचार्जपेक्षा कमी निघाला, तेव्हा अण्णा म्हणाले, "मंग काढून टाक." काढायच्या आधी एक काम मात्र करावं लागलं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर अजून आजोबांच्या नावावर होतं आणि आजोबा जाऊन बारा वर्षं झाली. ते अण्णांच्या नावावर करून घेतलं, मग अर्ज भरला. उद्या दावा करायची वेळ आली तर पहिला प्रश्न, घर कोणाचं, हाच असणार.

तर मंडळी, दिवाळीला गावी जाणार असाल तर बॅगेत एक टेप टाका. घर मोजा, गावातल्या गुत्तेदाराला आजचा भाव विचारा, आणि नमुना आठ कोणाच्या नावावर आहे तेवढं बघून या. फराळ करता करता होणारं काम आहे.